जुना मार्शल, नवा मार्शल

रात्रीचे अकरा. कानात अजून शिट्टी वाजतेय. आज मित्राकडे दोन मार्शल जेसीएम ८०० गिटार ॲम्प एकाच स्पीकर कॅबिनेटला आळीपाळीने जोडून ऐकले. एक १९८४ सालचा, दुसरा २००२ नंतरचा रीइश्यू. मॉडेल एकच, २२०३. १०० वॅट, पॉवरला ४ ईएल३४ ट्यूब. नव्यात इफेक्ट्स लूपची भर, एवढाच ठळक फरक.

जुना अंमळ मऊ, खर्जात भरलेला वाटला, नवा धारदार. ‘जुनं ते सोनं’ म्हणून मी मोकळा झालो. मग मित्राने मला पाठमोरं बसवलं आणि न सांगता ॲम्प बदलत गेला. सहापैकी तीनदा चुकलो. छापा-काटा केला असता तरी इतकंच जमलं असतं!

चाळीस वर्षांत कपॅसिटर सुकतात, रेझिस्टरची मूल्यं सरकतात, ट्यूब तर कितीदा बदलल्या जातात. आपण ज्याला ‘मूळ आवाज’ म्हणतो, त्यात वयाचाही आवाज मिसळलेला असतो. दुकानातून निघाला तेव्हा हा म्हाताराही असाच करकरीत होता की!

मग आपण नक्की शोधतो काय? तो ॲम्प, की तो पहिल्यांदा ऐकणारे आपण?