तंबूतला मुक्काम आणि न दुखणारे दोन धोके

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या गारखेड्यातल्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, शनिवारी कन्नड घाटाकडे निघालोय, मुक्काम टेंटमध्ये आहे. मुलांना उलटीची गोळी लिहून देता का?" देते. घाट लागायच्या तासभर आधी द्या, मुलांच्या हातातला मोबाइल काढून घ्या आणि त्यांना खिडकीबाहेर लांबवर बघायला सांगा. उलटीचं एवढंच. मला काळजी असते ती वळणांची नाही, मुक्कामाच्या रात्रीची.

घाट मलाही फार आवडतो. सोलापूर-धुळे महामार्गावर कन्नड सोडलं की रस्ता एकदम खाली चाळीसगावकडे उतरतो. हा औट्रम घाट. बाजूला 1986 मध्ये जाहीर झालेलं गौताळा अभयारण्य, दरीत पितळखोऱ्याची लेणी, पायथ्याला पाटणादेवी. 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने इथे अवजड वाहनांना बंदी घातली, तेव्हापासून थांबून दरी बघणाऱ्या कुटुंबांची सोय झाली. (भर पावसात मात्र कड्याखाली गाडी लावून भजी खाऊ नका. 2021 च्या ऑगस्टअखेर याच घाटात दरडी कोसळल्या होत्या.) अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय राहता येत नाही, म्हणून लोक म्हैसमाळच्या बाजूला कुणाच्या शेतात तंबू ठोकतात, नाहीतर थेट भंडारदऱ्याचं धरण गाठतात.

भंडारदऱ्याला आम्हीही जातो. एका डिसेंबरात पाण्याच्या काठावर इतका गारठा होता की तंबूंची व्यवस्था बघणारा मुलगा आपणहून पेटत्या कोळशांची शेगडी घेऊन आला. "ताई, लेकरं गारठतील, आत ठेवतो." मी ती बाहेरच ठेवायला लावली. माझे दीर म्हणाले, "वहिनी, वर जाळी आहे की. आणि धूर तरी कुठे आहे?"

धूर नाही, हीच तर अडचण आहे. लाकूड भडकून जळतं तेव्हा धुराने डोळे चुरचुरतात आणि माणूस उठून बाहेर येतो. लालबुंद निखारे शांत दिसतात, पण अर्धवट जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 हून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदूला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. जागा माणूस म्हणतो पित्त झालं, आणि झोपलेल्याला काही कळतच नाही. वरच्या जाळीवर भरवसा ठेवू नये, कारण थंडीत दव पडतं म्हणून आपणच तिच्यावर कापड ओढतो. घाटात गाडी उभी करून, काचा लावून, इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपणाऱ्यांनाही हाच धोका आहे.

कोरोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. इथे त्याचा उपयोग नाही. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्या यंत्राला ऑक्सिजन भरलेलंच वाटतं, म्हणून आकडा 98 दिसू शकतो. तंबूतल्या दोघातिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर आकडा बघत बसू नका, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, दवाखान्यात मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास.

दुसरा धोका मण्यारीचा. विंचू चावला की माणूस किंचाळत उठतो, घोणस चावली की पाय सुजतो, त्यामुळे लोक धावपळ करून दवाखाना गाठतात. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि तिचे दात इतके बारीक की कित्येकदा डासाएवढंही दुखत नाही. सूज नाही, रक्त नाही.

माझ्या इंटर्नशिपच्या काळात शेतात झोपलेली एक नऊ-दहा वर्षांची मुलगी पहाटे पोटदुखी आणि उलटी म्हणून आली. आई सांगत होती, रात्रीचं भरीत बाधलं. आमच्या सरांनी पोट तपासायच्या आधी तिला वर बघायला सांगितलं. पापण्या उचलत नव्हत्या. चावल्याची खूण शेवटपर्यंत सापडली नाही, पण सरांनी तिची वाट पाहिली नाही, प्रतिविष सुरू केलं. मुलीलाही मोठ्या माणसाइतकाच डोस दिला, कारण साप लहान मूल बघून विष कमी सोडत नाही. तरीही तासाभरात श्वास मंदावला. पाच दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. सहाव्या दिवशी तिने आईला हाक मारली आणि पुढे चालत घरी गेली. मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात, पण ते पुन्हा काम करू लागेपर्यंत श्वास चालू ठेवता आला तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. म्हणून वेळ मांत्रिकाकडे, चिरा देण्यात किंवा दोरी आवळण्यात घालवू नये.

त्यामुळे जमिनीवर झोपून उठल्यावर कुणाचं पोट दुखत असेल, घसा धरला असेल, बोलणं जड वाटत असेल, तर आधी पापण्या बघा. आम्ही तंबूची चेन संध्याकाळपासूनच बंद ठेवतो, खाण्याचं सामान आत ठेवत नाही (उंदीर येतात, त्यांच्यामागे साप), आणि रात्री टॉर्चशिवाय कुणी बाहेर पाऊल टाकत नाही. उघड्यावर झोपायचं असेल तर खाट, नाहीतर कडा गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी.

निघण्याआधी आणखी एक चौकशी करून ठेवा: मुक्कामाच्या जागेपासून प्रतिविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही असलेला जवळचा दवाखाना कोणता? आपल्या शहरात सरकारी मेडिकलला घाटी म्हणतात, पण कन्नडच्या घाटातून ही घाटी दीड तासाहून जास्त लांब आहे. त्यामुळे पहिलं इंजेक्शन वाटेत कुठे मिळेल, हे तिथल्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून दिवसाउजेडीच विचारा.