चोचीतलं वाक्य

दुसरीत बाईंनी ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह शिकवलं ते चिमणीची चोच म्हणून. चिमणी हावरट, ती मोठ्या आकड्याकडेच तोंड उघडणार. पुढे बरीच वर्षं या चोचीशी माझा गणिताबाहेर संबंध आला नाही.

मग पुण्यात कॉलेजला असताना व्हीएसएनएलचं शेल अकाउंट मिळालं. चित्रं नाहीत, माउस नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, आणि पत्रं वाचायला पाइन नावाचा प्रोग्रॅम. लिनक्सच्या एका मेलिंग लिस्टवर नाव नोंदवलं आणि घाबरत घाबरत विचारलं, मोडेम लागत का नाही? सकाळी उत्तर आलं. त्यात माझीच वाक्यं होती, पण सुटी केलेली. प्रत्येकापुढे ती चोच, > अशी, आणि खाली दोन-दोन ओळींचं उत्तर. शेवटच्या परिच्छेदातली माझी दिलगिरी त्या माणसाने सरळ कापून टाकली होती. त्याला तिसऱ्याने उत्तर दिलं तेव्हा माझ्या वाक्यांपुढे दोन चोची झाल्या. चोची मोजल्या की बोलणं किती जुनं ते कळायचं.

मला हे नवं वाटलंच नाही. वडील असंच लिहीत. आलेलं आंतरदेशीय डाव्या हाताला ठेवायचं, ‘पत्र मिळाले, मजकूर समजला’ लिहायचं, आणि मग एकेक घ्यायचं: विहिरीचं, आत्याच्या गुडघ्याचं, खताच्या पावतीचं. उत्तर लिहून झालं की मूळ मजकुरावर पेन्सिलची खूण. मग पत्र खुंटीवरच्या तारेत ओवायचं. लिस्टवरही तेच, फक्त तार हजार घरांत.

सोवळंही तितकंच कडक. उत्तर वर लिहायचं नाही, खालीच. ओळ बहात्तर अक्षरांच्या आत मोडायची. एचटीएमएल चालणार नाही. लिनक्स कर्नलची लिस्ट असा मेल आजही परत पाठवते. हे सगळं यूजनेट या जुन्या चर्चाजाळ्याकडून आलेलं. तोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ ला लिनक्सची पहिली खबर दिली तीही तिथल्याच मिनिक्सच्या गटात. सोवळ्यातली एकच गंमत: लिस्ट चालवणारा मेलमन नावाचा प्रोग्रॅम दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकाला त्याचा पासवर्ड उघड्या अक्षरांत पाठवायचा. पगाराआधी तो यायचा.

पुढे काही वर्षांनी, लिनक्सवर मराठी नीट दिसावी म्हणून धडपडणाऱ्यांत मीही होते. ‘दऱ्या’ लिहिलं की पडद्यावर ‘दर्या’ उमटे. डोंगरातून थेट समुद्रात. फॉन्टमध्ये तो कोयत्यासारखा आडवा र होता, पण अक्षरं जुळवणारा प्रोग्रॅम त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या परदेशी माणसाने माझं वाक्य चोचीत धरून विचारलं, हिंदीवाले ही तक्रार का करत नाहीत? मी उत्तर दिलं, पण त्याच्या पडद्यावर माझं देवनागरी चौकोनच होऊन जात होतं. शेवटी मी आडव्या रेघा, कंस आणि टिंबं जुळवून तो र मेलमध्येच काढला. त्याने माझ्या चित्राखाली स्वतःचं चित्र काढलं: असा का? मी म्हटलं, शेपूट थोडं वर. नवव्या दिवशी त्याच पत्रमालिकेत, पत्राच्या अंगातच, पॅच, म्हणजे प्रोग्रॅममधली दुरुस्ती, आला. काढलेल्या ओळींपुढे वजा, घातलेल्यांपुढे अधिक. कर्नलचं काम अजून असंच चालतं. प्रोग्रॅममधले बदल नोंदवणाऱ्या गिटमध्येही बदलाचं पत्र करून देणारी आज्ञा आहेच.

आमच्या मराठी लिनक्सवाल्यांच्या लिस्टचा फोरम करायचं ठरलं तेव्हा मी विरोधात मत दिलं. २०१३ साली डिस्कोर्स हे फोरम चालवण्याचं सॉफ्टवेअर आलं होतं. पुढे पायथॉनवालेही आपल्या चर्चा तिकडे घेऊन गेले. माझा मुद्दा साधा होता. फॉन्टच्या मदतीसाठी आम्ही पूर्वी एक फोरम चालवला होता. डोमेनचे पैसे भरायचे राहिले आणि चार वर्षांचं बोलणं एका रात्रीत गेलं. तार एकाच घरात होती. मी हे तावातावाने मांडलं.

त्यावर नांदेडची एक विद्यार्थिनी म्हणाली, “ताई, मी दोन वर्षं लिस्ट नुसती वाचतेय. चुकलं तर ते हजार लोकांकडे कायमचं राहणार, म्हणून कधी लिहिलं नाही.” दुरुस्त करता येत नाही, खोडता येत नाही, ही गोष्ट मी आजवर लिस्टची खानदानी म्हणून सांगत आले होते. मला काही बोलता आलं नाही. फोरम सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात तिचे सात प्रश्न आले. त्यांतले दोन माझ्या डोक्यावरून गेले.

परवा तिने विचारलं, त्या आडव्या र चं मुळात काय झालं होतं? जुन्या संग्रहाचा दुवा मेलेला. पण माझ्या एका जुन्या सीडीवर सगळी पत्रमालिका होती, कोयत्यापुढे तीन चोचींसकट. मी ती उचलून फोरमवर चिकटवली. फोरमने चोची गिळल्या, त्यांच्या जागी एकात एक असे तीन राखाडी चौकोन केले, आणि मधल्या मोकळ्या जागा काढून कंस-टिंबं एका ओळीत लोटली.

दहा मिनिटांत तिचं उत्तर आलं. “ताई, मजकूर समजला. पण चित्र कशाचंय?”