दूध व्यवसायाच्या नेटवर्कमधील पत्ते आणि नावे

नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा आयपी पत्ता लागतो आणि ते यंत्र वापरणाऱ्या माणसाला लागते त्याचे नाव. पत्ते वाटण्याचे काम डीएचसीपी सर्व्हर करतो, तर नावावरून पत्ता सांगण्याचे काम डीएनएस सर्व्हर. डीएनएसची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. त्याआधी अर्पानेटवरील यंत्रांची यादी कॅलिफोर्नियात एकाच फाइलमध्ये हाताने सांभाळली जाई. डीएचसीपीचे आज वापरात असलेले मूळ प्रमाण १९९७ सालचे आहे. तालुक्याच्या गावांतील अनेक व्यवसायांत मात्र जुनी पद्धत अजून टिकून आहे. पत्ते हाताने घातले जातात, यादी एका माणसाच्या डायरीत असते आणि त्याने नोकरी सोडली की कोणते यंत्र कोठे आहे हे सांगणारे कोणी उरत नाही.

प्रस्तुत लेखकाने असे एक नेटवर्क नव्याने लावले ते दूध संकलन करणाऱ्या एका खासगी व्यवसायासाठी. त्याचे मुख्य कार्यालय बारामतीच्या एमआयडीसीत आणि शीतकरण केंद्र इंदापूर तालुक्यात. कार्यालयात हिशेबाचे विंडोज संगणक, एक लिनक्स सर्व्हर आणि मालकांच्या घरच्यांचे मॅक. केंद्रावर वजनकाट्याचा संगणक, फॅट आणि एसएनएफ मोजणाऱ्या यंत्राला जोडलेला दुसरा संगणक, बोटांच्या ठशांवर हजेरी घेणारे यंत्र, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, पावत्यांचा प्रिंटर आणि संकलनाच्या नोंदींसाठी अँड्रॉइड टॅबलेट. सकाळ-संध्याकाळ दूध येते तेव्हा यातले काही अडले की कॅनची रांग उन्हात खोळंबते आणि नुकसान थेट शेतकऱ्याचे होते.

पहिली अडचण पत्त्यांच्या पट्ट्याची होती. दोन्ही ठिकाणचे राउटर दुकानातून आले तसेच १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटत होते. दोन्ही ठिकाणे व्हीपीएनने जोडल्यावर बारामतीचा संगणक इंदापूरच्या काट्याला आपल्याच खोलीत शोधत बसे, कारण पत्ता जवळचाच दिसे. खासगी नेटवर्कसाठी राखीव पत्ते १९९६ पासून ठरलेले आहेत आणि ते मुबलक आहेत. म्हणून बारामतीला १९२.१६८.१० आणि इंदापूरला १९२.१६८.२० असे वेगळे पट्टे दिले. प्रत्येकात २५४ यंत्रे मावतात.

पत्ता मागणारे यंत्र आपली हाक सगळ्या नेटवर्कला ऐकू जाईल अशी मारते, पण ती हाक राउटर ओलांडत नाही. ती बारामतीच्या सर्व्हरकडे पोचवणारा रिले लावता येतो. मात्र रस्त्याच्या कामात केबल तुटली की केंद्रावर नव्याने सुरू झालेल्या यंत्राला पत्ताच मिळणार नाही. म्हणून इंदापूरला स्वतंत्र डीएचसीपी सर्व्हर ठेवला आणि डीएनएसच्या नोंदींची प्रतही तेथेच ठेवली.

हाक सगळ्यांना ऐकू जाते, त्यामुळे उत्तरही कोणीही देऊ शकते. केंद्रावर कोणीतरी रेंजसाठी स्वस्त वाय-फाय राउटर आणून स्विचला लावला आणि तोही पत्ते वाटू लागला. काही संगणक ठीक चालत, काहींना सर्व्हर दिसेना. विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग ऑल’ ही आज्ञा दिली की पत्ता कोणी दिला तेही दिसते. चोर त्यातूनच सापडला. यानंतर स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग सुरू केले. त्यामुळे नेमून दिलेल्या पोर्टखेरीज कोठूनही आलेले पत्तेवाटपाचे उत्तर स्विच अडवतो.

वीज गेल्यावर येणारी अडचण वेगळी. वीज परत येताच सगळे एकदम सुरू होते, पण स्पॅनिंग ट्री चालवणारा स्विच प्रत्येक पोर्ट मोकळा करण्यापूर्वी ३० सेकंद घेतो. तेवढ्यात विंडोज थकून स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेते. संगणकांच्या पोर्टना ही प्रतीक्षा माफ केली की प्रश्न सुटतो.

प्रिंटर, हजेरीचे यंत्र आणि रेकॉर्डर यांचे पत्ते बदलून चालत नाहीत. ते यंत्रात जाऊन घालण्यापेक्षा सर्व्हरवर मॅक पत्त्याशी, म्हणजे प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाशी, बांधून ठेवावेत; सगळी यादी एका जागी राहते. अँड्रॉइड १० पासून फोन आणि टॅबलेट वाय-फायसाठी बनावट मॅक पत्ता वापरतात. म्हणून व्यवसायाच्या टॅबलेटवर ती सोय या वाय-फायपुरती बंद केली. टँकरचालकांचे आणि शेतकऱ्यांचे फोन वेगळ्या पट्ट्यात टाकून त्यांना पत्ता दोन तासांच्याच मुदतीने दिला. विंडोज सर्व्हरची नेहमीची मुदत आठ दिवसांची असते. त्या हिशेबाने येणाऱ्या-जाणाऱ्यांनीच सगळे पत्ते अडवले असते.

नावांचे काम मिश्र नेटवर्कमध्ये खरे गुंतागुंतीचे होते. जुने विंडोज संगणक नेटबायोसने, १५ अक्षरांच्या मर्यादेत, एकमेकांना शोधतात. मॅक बाँजूरने ‘.लोकल’ नावे शोधतात. अँड्रॉइड टॅबलेट आपले नाव डीएनएसमध्ये स्वतः नोंदवत नाही. म्हणून पत्ता देणाऱ्यानेच नावही नोंदवावे, ही पद्धत सर्वांत भरवशाची आहे. डीएनएसमास्क हा मोफत प्रोग्रॅम दोन्ही कामे एकत्र करतो. अंतर्गत डोमेनला ‘.लोकल’ लावू नये, ते बाँजूरशी भांडते. खासगी वापरासाठी आयकॅनने २०२४ साली ‘.इंटर्नल’ राखून ठेवले आहे.

सर्वांत जास्त त्रास एका प्रचलित सवयीने होतो. पहिला डीएनएस आपला आणि दुसरा, सुरक्षित म्हणून, गुगलचा ८.८.८.८ घालतात. आपल्या सर्व्हरला उत्तर द्यायला क्षणभर उशीर झाला की संगणक गुगलला विचारतो. गुगलला काट्याचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही, ते ‘असे नाव नाही’ म्हणते आणि संगणक त्यावर विश्वास ठेवतो. बिघाड येतो-जातो, म्हणून सापडत नाही. दोन्ही जागी आपलेच सर्व्हर द्यावेत आणि बाहेरची नावे त्यांनीच पुढे विचारावीत. अँड्रॉइडमधील ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये बाहेरचा सर्व्हर घातलेला असेल तर तोही असाच आड येतो.

नावांचा उपयोग लिनक्स सर्व्हर बदलताना झाला. डीएनएसच्या प्रत्येक नोंदीला ती किती वेळ लक्षात ठेवावी याची मुदत असते. ती दिवसभराची होती. आदल्या दिवशीच पाच मिनिटांवर आणली. बदलाच्या दिवशी सकाळचे संकलन उरकल्यावर नोंद नव्या यंत्राकडे वळवली. एकाही टॅबलेटला हात लावावा लागला नाही. जुना सर्व्हर संध्याकाळचे संकलन संपेपर्यंत चालू ठेवून मग बंद केला आणि मुदत पुन्हा एका दिवसाची केली.