सव्हानाची फेरी

पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कुणाला विचारलं, संध्याकाळी कुठं जाता, तर उत्तर ठरलेलं असे: सव्हानाला. पूर्ण नाव क्वीन्स पार्क सव्हाना. शहराच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी पसरलेलं मोकळं मैदान. त्याची फेरी साधारण साडेतीन किलोमीटरांची. मी दादरची, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वाढलेली. त्या हिशेबानं इथली एक फेरी म्हणजे आमच्या तीन. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस यांच्या नोकरीमुळं आम्ही त्रिनिदादला गेलो आणि हे मैदान माझ्या अंगवळणी पडलं.

ही जमीन मूळची पेशिये नावाच्या कुटुंबाची, उसाची. 1817 साली गव्हर्नर राल्फ वुडफर्ड यांच्या काळात ती शहरासाठी विकत घेतली गेली. कुटुंबानं आपली स्मशानभूमी तेवढी राखून ठेवली. ती अजून मैदानात आहे, दगडी भिंतीच्या आत. तिच्या आसपास पोरं बिनधास्त क्रिकेट आणि फुटबॉल खेळत. पुढं मैदानात घोड्यांच्या शर्यती आल्या, कार्निव्हलचा मंच आला, पण बाकीची जागा दोन शतकं मोकळी राहिली. एवढ्या मोक्याच्या जमिनीवर कुणाचा डोळा गेला नसेल असं मला वाटत नाही. तरीही ती राहिली, आणि त्या शहराबद्दल मला आदर वाटतो तो पहिल्यांदा याच गोष्टीसाठी. तिकीट नाही, फाटक नाही. बंगलेवालेही तिथंच फिरायचे आणि त्यांच्याकडं कामाला येणाऱ्या बायकाही.

मला सोबत असे ती शेजारच्या आजींची. गल्लीतली सगळी त्यांना आजीच म्हणत, म्हणून मीही. त्यांचे पूर्वज बिहारकडून उसाच्या मळ्यात गिरमिटावर आलेले. आम्ही चार-साडेचारला निघायचो. पश्चिमेच्या बाजूला ओळीनं सात जुन्या भव्य इमारती आहेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या. त्यातलं घड्याळाच्या मनोऱ्याचं क्वीन्स रॉयल कॉलेज म्हणजे लेखक नायपॉल जिथं शिकले ती शाळा. मागून ऊन उतरायला लागलं की त्या इमारतींच्या लांब सावल्या रस्ता ओलांडून मैदानाकडं सरकत.

कडेला शहाळ्यांच्या गाड्या उभ्या असत. शहाळंवाला एका हातात शहाळं धरून कोयत्याचे तीन घाव घाली, चौथ्या घावाला वरची टोपी उडे. पाणी पिऊन झालं की ते परत त्याच्याकडं द्यायचं. तो ते उभं फोडी आणि त्याच्याच सालीची एक चपटी कपची काढून हातात ठेवी, मलई खरवडायला. ‘जेली पाहिजे ना?’ असं आधी विचारून घेई, म्हणजे मऊ मलईचं शहाळं निवडून देई. आजींना दाट मलई चालत नसे. त्या दोन-तीन शहाळी हलवून, कानाशी धरून, मगच एक पसंत करायच्या.

जानेवारी ते मे हा तिकडचा कोरडा हंगाम. त्या दिवसांत मैदानावर वारा सुटे आणि पतंग चढत. त्यातला ‘मॅड बुल’ नावाचा मोठा पतंग वर गेला की असा घुमायचा की रस्त्यावरून जाणारे माना वर करत. याच दिवसांत पुई फुलते. पानं झडून जातात आणि सगळं झाड गुलाबी होतं, कुठं पिवळं. खाली पाकळ्यांचा थर. आज मुंबईत पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीच्या बाजूला जी गुलाबी झाडं बघायला लोक गाड्या थांबवतात, ती याच गोतावळ्यातली. पुई फुलली, म्हणजे पाऊस आता लांब नाही, असं आजी म्हणायच्या.

उत्तरेला रस्ता ओलांडला की बोटॅनिक गार्डन, 1818 सालची. मला ती सव्हानापेक्षाही जवळची वाटे, कारण तिथं ओळखीची झाडं भेटत. खोडालाच फुलांचे घोस लागलेला कैलासपती बघून मी पहिल्या दिवशी हरखून गेले. आपण तो शंकराला वाहतो, पण त्याचं मूळ घर तिकडं, दक्षिण अमेरिकेच्या बाजूला. आपल्याकडच्या रस्त्यांवर छत्री धरून उभा असलेला पर्जन्यवृक्षही तिकडचाच, तिथं त्याला समान म्हणतात. तिथल्या समानच्या फांद्यांवर इतर वनस्पतींची इतकी दाटी असते की मूळ झाड कोणतं ते शोधावं लागतं.

खाली शहरात रेड हाउससमोर, म्हणजे संसदेच्या इमारतीसमोर, वुडफर्ड स्क्वेअर आहे. लहानच बाग, ओतीव लोखंडाचं कारंजं, बाकं आणि वाद घालणारी माणसं. 1950च्या दशकात एरिक विल्यम्स इथं जाहीर व्याख्यानं देत, हजारोंनी लोक उभे राहून ऐकत. त्या जागेला वुडफर्ड स्क्वेअरचं विद्यापीठच म्हणू लागले. 1962 साली देश स्वतंत्र झाला तेव्हा तेच पंतप्रधान होते.

आजींची आवडती वाट मात्र वेगळी होती. सव्हानाच्या पश्चिमेकडून सेंट क्लेअरमधून थोडं चाललं की क्वीन्स पार्क ओव्हल येतं. 1971च्या मार्चमध्ये आपण वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं ते इथं. कप्तान वाडेकर, शतक सरदेसाईंचं, आणि पदार्पणात दोन्ही डावांत अर्धशतक करणारा गावसकर. एप्रिलमध्ये त्यानं याच मैदानावर दातदुखीनं हैराण असताना 124 आणि 220 केल्या. लॉर्ड रिलेटर या तिथल्या गायकानं त्याच्यावर कॅलिप्सो गाणं रचलं. त्या सामन्याला आजी यजमानांबरोबर, डबा घेऊन मैदानात होत्या. कोणत्या बाजूला बसलो होतो, ऊन कुठून येत होतं, हे त्या भिंतीबाहेर उभ्या राहून हात करून दाखवायच्या.

एकदा मी म्हटलं, गावसकर चिखलवाडीत वाढला, ताडदेवला, आमच्या दादरहून फार लांब नाही. आजी थांबल्या. वाडी म्हणजे केवढी, तिथं खेळायला जागा होती का, चेंडू घरांत जात असेल, मग लोक ओरडत नसत का? मी सांगत गेले. पुढच्या रविवारी शहाळ्याच्या गाडीपाशी त्यांनी ओळखीच्या तिघींना गाठून तेच सगळं सांगितलं, आणि शेवटी मला पुढं केलं, ‘विचारा हिला, हिनं ती वाडी बघितली आहे.’