दोन किनाऱ्यांची कासवीण

लातूरकडच्या माणसाला समुद्र म्हणजे सुट्टीतला. बदली होऊन गुहागरला आले तेव्हा तो रोजचा झाला, पण ओळखीचा होईना. बँकेच्या काउंटरवर दिवसभर सगळं गाव भेटायचं. संध्याकाळी सुपारीच्या वाड्यांमधून खोलीवर परतताना मात्र पडव्यांमधल्या गप्पा नुसत्या कानावर यायच्या. कुणी दुखावलं नव्हतं, त्यामुळे तक्रारही नव्हती. फक्त त्या गावात माझी कुणाला गरज नव्हती.

आमचा एक खातेदार कासवमित्र होता; सगळे त्याला दादा म्हणत. पासबुक पुढे करताना त्याच्या बाह्यांना ओली वाळू चिकटलेली दिसायची. मी एकदा विचारलंच. "सांगून नाही कळायचं, मॅडम. पहाटे पुळणीवर या."

गेले, आणि मग जातच राहिले.

हिवाळ्यापासून होळीपर्यंत ऑलिव्ह रिडले माद्या रात्री किनाऱ्यावर चढतात, अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि परत पाण्यात जातात. पहाटे उरतो तो त्यांचा माग: सुरूच्या बनाकडे गेलेला आणि पाण्याकडे वळलेला. जिथे तो वळतो, तिथे दादा वाळूत काठी हलकेच दाबून पाहतो. एका जागी काठी सहज आत जाते. मग काठी बाजूला ठेवायची आणि हातांनी उकरायचं. हात कोपराच्या वर जातो तेव्हा बोटांना अंडी लागतात, मऊ, चिवट सालीची, किंचित ओलसर. खड्डा सुरईसारखा, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद. शंभराच्या आसपास अंडी, एकेक मोजून उचलायची, वरची बाजू वरच ठेवून, कारण एकदा आत जीव धरू लागला की अंडं उलटं होऊन चालत नाही. कुंपण घातलेल्या हॅचरीत तसाच, तेवढाच खोल खड्डा करून ती पुरायची आणि पाटीवर तारीख लिहायची. पुढचे पन्नासेक दिवस काम वाळूच्या उबेचं. ऊब जास्त असेल तर माद्या अधिक, कमी असेल तर नर. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वाळूवर तळवा टेकवून बराच वेळ बसले होते.

एके काळी ही अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि माणसांच्याही पोटात जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासच्या गावकऱ्यांना सोबत घेऊन ती राखायला सुरुवात केली आणि पुढे गावोगावच्या पुळणींवर हे काम पसरलं. राखणारे हात बहुतेक त्या त्या गावातलेच. त्यांत माझेही दोन मिसळले.

कासवाचं पिल्लू कुणाला लळा लावत नाही. किनाऱ्यावर आणून वरची टोपली उचलली की ते थेट पाण्याकडे सुटतं, वळून बघत नाही. त्यातली फार थोडी मोठी होतात आणि ती कोणती, हे आपल्याला कधीच कळत नाही. मला हेच फार आवडतं. इथे परतफेडीची आशाच नाही, त्यामुळे सगळी माया शेजारी गुडघे टेकून बसलेल्या माणसांच्या वाट्याला येते. खड्ड्यात हात घातलेल्या दोघांना एकमेकांचं गाव विचारायची गरज उरत नाही. एकदा तापामुळे मी गेले नाही, तर दादाची आई पेजेचा डबा घेऊन दारात उभी. "काय गो, दिसली नाहीस ती?" त्या गावात माझी वाट पाहिली गेली होती.

कासवीण जिथे जन्मली त्याच भागात अंडी घालायला परतते, असं आम्ही कासवं बघायला येणाऱ्या पाहुण्यांना सांगत आलो. ते बहुतेक वेळा खरंच असतं. पण २०२५च्या जानेवारीत याच पुळणीवर एक मादी सापडली, तिच्या पायाला ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला. तो २०२१मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर, तिथेही ती अंडी घालायला आली असताना, लावलेला होता. म्हणजे पूर्वेच्या समुद्रातून निघून, अख्ख्या दक्षिण टोकाला वळसा घालून ती इथे आली आणि इथली वाळू तिने उकरली. तिचा जन्म कुठला, ते कुणालाच ठाऊक नाही. ओडिशाची मानायची की गुहागरची, यावर चहाच्या टपरीवर चर्चा रंगली. दादाने निकाल देऊन टाकला, "अंडी कुणी राखली? आपण ना?"

आता पुढच्या हंगामाच्या हॅचरीची जागा ठरवायची आहे. दादाला ती जुन्या ठिकाणीच हवी, बाकीचे म्हणतात उत्तरेकडे सरकवा. जुनी जागा उधाणाच्या भरतीला फार जवळ आहे, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि रविवारच्या बैठकीत मी ते मांडणार आहे.