अस्तर

बदलापूर स्टेशनावर उतरलेला माणूस बदलापूर गावात पोचला असे समजू नये. स्टेशनाभोवती पसरले आहे ते कुळगाव. नगरपालिकेच्या नावातही ही दोन गावे जोडीने नांदतात. मूळचे बदलापूर गाव पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला. शिवकालात येथे घोडे बदलीत, म्हणून बदलापूर, असे लोक सांगतात. अशी व्युत्पत्ती ऐकली की आम्हां मराठीच्या प्राध्यापकांना खोकला येतो. पण रिक्षावाल्याने ती इतक्या अभिमानाने सांगितली की मी खोकला गिळून टाकला.

माझ्या मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेले आईचे तैलचित्र होते. माझ्या लग्नाच्या वेळी मामांनी काढलेले. मामा शाळेत चित्रकला शिकवीत. निवृत्त झाल्यावर गावातल्या जुन्या घरी येऊन राहिले. आईला जाऊन दोन वर्षे झाली, आणि आता चित्रातल्या आईच्या गालावरचा रंगही पोपडे धरून सुटू लागला होता. तो पुन्हा चिकटवता येईल, एवढीच माझी अपेक्षा.

मामांनी चित्र पाहिलेच नाही. पालथे केले आणि पाठ पाहिली. कापड तपकिरी पडले होते. कोपऱ्यात नखाने हलकेच दाबताच ते पापडासारखे तुटले.

"रंगाचा दोष नाही रे. खाली सरस नव्हता."

मग त्यांनी समजावून सांगितले ते असे. तेलरंगात जवसाचे तेल असते. ते वाळताना आम्लधर्मी होते आणि उघड्या कापडाचा धागा हळूहळू जाळते. म्हणून आधी सरसाचा पातळ हात देऊन कापडाला तेलापासून वाचवायचे, त्यावर पांढरे अस्तर चढवायचे आणि मग रंग. गंमत अशी की उत्तम कॅनव्हास ज्या लिननचा, ते लिननही जवसाच्याच खोडातून निघते. बीचे तेल खोडाच्या धाग्याला खाते. एका झाडातली ही भाऊबंदकी!

"मग त्या वेळी सरस का दिला नाही, मामा?"

"तुझ्या लग्नाला आठ दिवस होते. रोज फोन कुणाचा येत होता, आठव."

मला आठवले. सुती कापडावर सरळ घरच्या भिंतीचा तेलकट पांढरा फासून मामांनी चित्र वेळेवर दिले होते. इतकी वर्षे ते मला बोलले नव्हते.

"नवे काढू," मामा म्हणाले. "पण या खेपेला घाई माझ्या मर्जीने."

पाऊस ओसरून ऊन पडल्यावर मी पुन्हा गेलो. मामांनी कापड उजेडासमोर धरून निवडले होते. वीण सारखी, गाठी नाहीत, उभा-आडवा धागा सारख्याच जोराचा. भिजवून त्याची खळही काढून टाकली होती. चौकट काटकोनात आहे की नाही हे त्यांनी सुतळीने दोन्ही कर्ण मोजून पाहिले. मग पक्कड त्यांच्या हाती आणि हातोडी माझ्या. आधी चारी बाजूंच्या मध्यावर एकेक चूक, मग समोरासमोर करीत बाहेर, कोपरे शेवटी. छोट्या खिळ्याला मराठीत 'चूक' का म्हणतात याचा मी वर्गात कधी विचार केला नव्हता. त्या दुपारी पुष्कळ चुका मारल्या, दोन बोटावरही.

सरसाची वेळ आली तेव्हा मी उत्साहाने म्हटले, "रात्रभर भिजवून, पाण्याच्या भांड्यात ठेवून, न उकळता..." कारण 'सरस' हा शब्दच मला रसाळ वाटतो.

मामा हसले. "तुम्हा भाषेच्या माणसांना शब्द पुरतो. सरस हवेतले पाणी पितो. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस इथून पुढे, वांगणीच्या अलीकडे, पुरात अडकली होती ना? हजारावर माणसे बाहेर काढली. माझ्या घरात पाणी नव्हते, पण ओल होती. सरस लावलेले कॅनव्हास पावसात ढिले पडले, उन्हात आवळले. जाड रंगाला भेगा गेल्या. ओलीला कंटाळून व्हेनिसच्या चित्रकारांनी भिंती सोडल्या आणि जहाजाच्या शिडाचे कापड धरले. मी सरस सोडला."

त्यांनी ॲक्रिलिकचा डबा उघडला. त्यातले पातळ पारदर्शक द्रव्य आधी, ते सुकल्यावर पांढरे अस्तर. पहिला हात उभा, दुसरा आडवा, मधे पॉलिश पेपरची हलकी घासणी. जुने ते सोने हे मामांचे मत नाही, हे मला त्या दिवशी कळले. जुन्या रीतीने तेलकट अस्तर वाळायला महिने लागतात, आणि त्यांचे वय आता अठ्ठ्याहत्तर. हे दोघांच्याही मनात आले असावे. कुणी बोलले नाही.

संध्याकाळी मामांनी कापडावर टिचकी मारली. ढोलकीसारखा आवाज आला.

"आता आठवडाभर याला हात लावायचा नाही. तोवर तू आठवून ठेव, ताई घरात कोणते लुगडे नेसायची. लग्नातले नको."

"हिरवे," मी लगेच म्हणालो.

मामांनी चौकटीच्या मागे पेन्सिलीने 'हिरवे' असे लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले.