गाऱ्हाणं

बुधवार, रात्री.

ह्यांची कंपनी बंद पडल्यापासून महिनाअखेर आली की पोटात गोळा येतो. वाण्याची उधारी वाढलीय, घरभाडं थकलंय, लोकलचा पासही संपत आलाय. आज आसनगाव स्टेशनवर माहुलीचे सुळके ढगांत बुडालेले. बाकावर डबा मांडीवर ठेवून डोळे मिटले. काय मागावं सुचेना, म्हणून येशूपुढे नुसतं गाऱ्हाणं घातलं. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं तक्रारीचीच आहेत. देवाशी भांडायची मुभा आहे म्हटल्यावर जीव हलका झाला.

पंडिता रमाबाई आठवल्या. दुष्काळात आईवडील गेले, १८८२ साली नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नंतर केडगावला मुक्ती मिशन उभारून दुष्काळात होरपळलेल्या बायका-मुलींना आसरा दिला. १९२१ साली मनोरमाही गेली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. त्यांची प्रार्थना हातांतूनही चालायची.

ह्यांना नोकरी लागलीच पाहिजे, हा हट्ट मी आज देवावर सोपवला. उद्या दोघं शहापूरला कामाची चौकशी करायला जाऊ, आणि माळ्यावरचं शिलाई मशीन खाली काढायचंय. ब्लाउज शिवायला शेजारणी कधीच्या मागे लागल्यात.